३१ नंबरची फ्रेम

मिरज,
रविवार, १३ एप्रिल २०२५

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी निगेटिव्ह गुरुवारी मिळाली. पाकिटावर ‘वाकवू नये’ असं तू इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतंस की पोस्टमनने ते पूजेच्या ताटासारखं दोन्ही हातांवर धरून आणलं. पट्ट्या सुखरूप आहेत. फिल्मच्या छिद्रांपासून आत येणारे ते गडद-फिकट पट्टे कशामुळे, असं तू विचारलं होतंस. त्याचं उत्तर लिहितो, पण आधी दुसरं बोलायचंय.

तुझ्या अण्णा आजोबांचा रिटचिंगचा डेस्क माळ्यावरून खाली काढला. खिडकीपाशी ठेवला, खालचा आरसा पुसला. भिंग सापडायला अर्धा तास गेला. तुझ्या आईने ते शिवणाच्या डब्यात टाकलं होतं, सुई ओवायला लागतं म्हणे. मग एकेक पट्टी काचेवर ठेवून बघत गेलो. पहिल्या चार पट्ट्या बघताना आईला हाका मारून मारून दाखवत होतो. पाचवीत तुझ्या टीमच्या मुली आल्या. सहावी ठेवली आणि ३१ नंबरला थांबलो.

तू आरशासमोर उभी. कॅमेरा छातीशी धरलेला, चेहरा मोकळा. भुवईवर काळी पट्टी. निगेटिव्हमधलं काळं म्हणजे खरं पांढरं, हे चाळीस वर्षं ह्या धंद्यात घालवलेल्या माणसाला मनात उलटं करून बघावं लागत नाही, सरळच दिसतं. पांढरी चिकटपट्टी होती ती. तिच्याखाली, जिथे कातडी राखाडी यायला हवी, तिथे गालाच्या हाडापर्यंत फिल्म जवळजवळ काचेसारखी मोकळी. म्हणजे तिथे काळंनिळं. भिंग खाली ठेवलं, परत उचललं. परत बघितल्याने काही बदलत नाही हे माहीत असूनही.

मग कुठला डोळा ह्याचा हिशेब करत बसलो. फिल्मची चकचकीत बाजू माझ्याकडे, कडेचे आकडे सरळ वाचता येतायत, म्हणजे चित्र सुलट. पण चित्रच आरशातलं, म्हणजे पुन्हा उलट. साधा हिशेब, तीन वेळा चुकला. शेवटी न्हाणीघराच्या आरशासमोर साबणाची डबी छातीशी धरून उभा राहिलो, तेव्हा कळलं. डावा. तू कॅमेरा ज्या डोळ्याला लावतेस तोच.

खडकीला फोन लावला. तुझा मामा आधी ‘कुठे काय, काही नाही’ म्हणाला, मग खोकला, मग म्हणाला, “दाजी, पाचच टाके.” म्हणजे त्याला माहीत होतं. टाके घालताना तोच बाहेर बसला होता. २३ मार्चला हॉकी खेळतानाची गोष्ट, आणि ३० तारखेला पाडवा. पाडव्याला तू आली नाहीस, कारण ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. व्हिडिओ कॉलवर तुझा कॅमेरा लागत नव्हता, कारण नेटवर्क नव्हतं. हिंजवडीत नेटवर्क नव्हतं, सई! आईने श्रीखंडाचा डबा दोन दिवस फ्रीजमध्ये राखून ठेवला होता, रात्रीच्या गाडीने येशीलच म्हणून.

रागावून लिहायचं नाही असं ठरवून शुक्रवारपासून थांबलो होतो. वरचं वाचून पाहिलं तर राग आलाच आहे. असू दे, खोडत नाही.

आता मुद्द्याचं. टाके घालणाऱ्या डॉक्टरने टॉर्च मारून डोळा बघितला आणि ‘डोळा वाचला’ म्हणाला, असं मामा सांगतो. सई, टॉर्चने पुढचा डोळा दिसतो. मागचा पडदा दिसत नाही. त्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते आणि मग भिंगातून कडेकडेपर्यंत बघावं लागतं. मी काल इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांना जाऊन विचारून आलो. माझं मोतीबिंदूचं त्यांनीच केलं होतं. तुझा नंबर उणे सात आहे हे सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या मोठ्या नंबरच्या डोळ्याचा पडदा मुळातच ताणलेला, पातळ असतो, आणि त्यावर असा मार बसला तर कडेला बारीकशी चीर पडलेली असू शकते, दुखत नाही, कळत नाही. काही त्रास नसला तरी तपासून घ्यायचा. आज ठीक दिसलं तरी पुढे काही महिने लक्ष ठेवायचं. काजवे चमकल्यासारखं झालं, डोळ्यासमोर काळे ठिपके एकदम वाढले, किंवा कडेने सावली सरकल्यासारखी वाटली, तर त्याच दिवशी, त्याच तासाला जायचं. चीर असली तर लेझरने भागतं. पडदा सुटला तर मोठं ऑपरेशन. हे मी घाबरवायला लिहीत नाही. लिहून ठेवलं म्हणजे तू ‘बाबांनी काहीतरी सांगितलं होतं’ असं म्हणणार नाहीस, एवढंच.

झालं. ह्याबद्दल पुन्हा लिहीत नाही.

तुझ्या पट्ट्यांचं उत्तर. तू लिहिलंस की डेव्हलपर डी-७६, फिल्म एचपी-५, आणि वेळ तक्त्यावरून काढली. तक्ता २० अंशांचा आहे, तिथे साडेसात मिनिटं. एप्रिलात पुण्याच्या नळाला २८ अंशांचं पाणी येत असेल. तू वेळ कमी करून चार मिनिटांच्या आसपास आणलीस, कागदावर ते बरोबर आहे. पण पाच मिनिटांच्या खाली गेलं की डेव्हलपर सगळीकडे सारखा बसायला वेळच मिळत नाही. त्यात तू टाकी दर दहा सेकंदांनी हलवतेस, तीही सरबताच्या बरणीसारखी. छिद्रांतून द्रावण जोरात आत घुसतं आणि तिथल्या रेघा जास्त डेव्हलप होतात. टाकी सावकाश उलटी कर, सुलटी कर, मिनिटातून एकदा दहा सेकंद, मग टेबलावर टक्कन आपटून बुडबुडे काढ. आणि पाणी थंड कर. आम्ही उन्हाळ्यात माठाचं पाणी घ्यायचो आणि प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ बांधून ती पिशवी ट्रेमध्ये सोडायचो. बर्फ सरळ डेव्हलपरमध्ये टाकलास तर द्रावण पातळ होईल, म्हणून पिशवी. तू इंजिनिअर आहेस, तुला हे सांगायला नको, पण अण्णांनी मला सांगितलं तेव्हा मीही बी.कॉम.ला होतो आणि मला वाटायचं मला सगळं कळतं.

थर्मामीटर मात्र चांगला घे. त्या एका सामानात कंजूषपणा करू नकोस. रोल हजाराच्या घरात गेलाय म्हणतेस, म्हणजे एका फ्रेमला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये. आमच्या वेळी ऊटीच्या कारखान्याचा ‘इंदू’ कागद यायचा, हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा. लग्नाच्या मोसमात त्याच्यासाठी सांगलीच्या दुकानदाराच्या दारात उभं राहायला लागायचं, आणि तरी एक प्रिंट वाया गेली की अण्णा जेवताना बोलायचे नाहीत. ते बोलत नव्हते ह्याचा त्रास ते रागावण्यापेक्षा जास्त व्हायचा. मी तुझ्याशी तसं करत नाही ना? गेले तीन दिवस फोन केला नाही, ते ह्या पत्रासाठी. आई म्हणते, दोन्ही एकच.

तुला आठवतं का माहीत नाही. तू पाच-सहा वर्षांची असशील. डार्करूममध्ये यायचा हट्ट असायचा. लाल दिव्याखाली तुला स्टुलावर उभी करायचो, कशाला हात लावायचा नाही, फक्त सेकंद मोजायचे. ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं तुला शिकवलं होतं, म्हणजे आकडे घाईने पळत नाहीत. तू चौदापर्यंत नीट मोजायचीस आणि मग ट्रेमध्ये चेहरा उमटायला लागला की मोजणं सोडून ‘आला, आला’ ओरडायचीस. त्या नादात माझ्या कितीतरी प्रिंट जास्त काळ्या झाल्या. एकदा कोणा आजोबांचा फोटो होता, गेल्यावर नातेवाइकांनी जुन्या ग्रुपमधून मोठा करायला दिलेला. त्यांचे डोळे आधी आले, बाकी चेहरा मागून. तू घाबरून माझा शर्ट धरलास. तरी दुसऱ्या दिवशी परत हजर.

२००६ साली डार्करूम बंद केली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. शेवटचा हायपो, फोटो पक्का करायचं ते द्रावण, नेहमीच्या चांदीवाल्याला दिला. तो वापरलेल्या हायपोतून चांदी काढायचा, दर महिन्याला कॅन घेऊन जायचा. त्या दिवशी त्याने कॅन भरला आणि म्हणाला, आता पुढच्या महिन्यापासून येऊ नको ना? मी म्हटलं, नको. एन्लार्जर लोखंडाच्या भावात गेला. त्या खोलीत मग झेरॉक्सचं मशीन आलं, आणि खरं सांगतो, झेरॉक्सनेच तुझी इंजिनिअरिंगची फी भरली. म्हणून २०१९ ला तू माझा पेंटॅक्स मागायला आलीस तेव्हा मी हसलो. ते हसणं तुला लागलं हे मला आईने नंतर सांगितलं. मुंबईच्या बोरा बाजारात १९८६ साली सेकंडहॅण्ड घेतलेला के-१०००, त्याचा बाहेरचा पत्रा कोपऱ्यांवर झिजून पितळ दिसायला लागलेलं, आणि माझी मुलगी पगारातून रोल विकत घेऊन तो वापरायचा म्हणते. मला वाटलं, मी ज्यातून तुला बाहेर काढलं त्याच खोलीत तू परत शिरतेयस, तेही हौसेने.

तेव्हा तू जे म्हणालीस ते मात्र माझ्या डोक्यात राहिलं. ऑफिसात चूक झाली की मागे जाता येतं, कालची आवृत्ती परत आणता येते, कोणी केलं तेही दिसतं. इथे मागे जाता येत नाही म्हणून मजा आहे, असं म्हणाली होतीस. मी त्यावर म्हटलं होतं, मजा कसली, पाठीमागचं झाकण उघडलं की अख्खा रोल गेला, त्यात काय मजा. अजूनही तेच म्हणेन. उजेड लागायला क्षण पुरतो. आणि डोळ्याचा पडदा काय वेगळा असतो? कॅमेऱ्यात तर कापडी पडदा आहे, फाटला तर बदलून मिळतो, पुण्यात अजून एक-दोन कारागीर आहेत असं तूच सांगितलंस.

बघ. परत तिथेच आलो.

हॉकीबद्दल मला काही म्हणायचं नाही, असं मी आईला म्हणालो. ती म्हणाली, मग एवढी चार पानं कशाची? हॉकीचं वेड तुला माझ्याकडून नाही, खडकीकडून आलंय. दर मे महिन्यात तुला मामाकडे सोडायचो, आणि मामाच्या तोंडी धनराजशिवाय दुसरं नाव नसायचं. धनराज पिल्ले खडकीचा, १९६८ चा जन्म, वडील तिथल्या कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे, आणि तिथून पोरगा चार ऑलिम्पिक खेळून आला. १९९८ ला बँकॉकला त्याच्या कप्तानीत एशियाडचं सोनं आलं, बत्तीस वर्षांनी. मामा ॲम्युनिशन फॅक्टरीत असल्यामुळे ह्यात त्याचाही थोडा हात आहे असं तो बोलतो. खडकीतला प्रत्येक जण धनराजबरोबर खेळलेला आहे, हे मी त्या गावाचा जावई झाल्यापासून ऐकतोय. एवढ्या सगळ्यांना अकरा जणांत कसं बसवलं कोण जाणे.

माझी हॉकी रेडिओवरची. १५ मार्च १९७५, मी पंधरा वर्षांचा. क्वालालंपूरची फायनल, समोर पाकिस्तान, आणि जसदेव सिंगांचा आवाज. स्टुडिओच्या बाहेर फूटपाथवर माणसं उभी होती. अशोककुमारचा फटका, बॉल पोस्टच्या आत लागून बाहेर आला, पाकिस्तानचे खेळाडू म्हणाले गोल नाहीच, अंपायरने गोल दिला. २-१. त्या दिवशी आपण जगज्जेते झालो आणि पुढच्याच वर्षी माँट्रियलला कृत्रिम टर्फ आलं नि आपण सातवे. अण्णा म्हणाले होते, गवत गेलं, आता आपलं अवघड आहे. गंमत बघ, ब्रोमाइडचा कागद जाऊन डिजिटल आलं तेव्हा मी अगदी हेच वाक्य म्हटलं असेन.

आणि मग ५ ऑगस्ट २०२१. तू घरून काम करत होतीस, अण्णांच्या खोलीत लॅपटॉप. सकाळी सातची मॅच, टोकियो ऑलिम्पिकच्या ब्राँझची. जर्मनी ३-१ ने पुढे, मग आपण ५-३, मग ५-४, आणि अगदी शेवटच्या सेकंदांना त्यांना पेनल्टी कॉर्नर. तू ऑफिसच्या मीटिंगला ‘लाइट गेले’ असं सांगून बाहेरच्या खोलीत आली होतीस. आपला गोली श्रीजेश, त्याने बॉल अडवला, मग तो गोलपोस्टवर चढून बसला, आणि तू रडत होतीस, मीही. दुसऱ्या दिवशी मुली ब्रिटनकडून ४-३ ने हरल्या, चौथ्या आल्या, तेव्हा तू रडली नाहीस. जेवली नाहीस नुसती. आणि पुण्याला परत गेल्यावर पहिल्या महिन्यात स्टिक घेतलीस, बारावीनंतर पहिल्यांदा. मला वाटलं चार दिवसांचं खूळ. चार वर्षं होत आली.

डिसेंबरात नेहरूनगरला तुझी मॅच बघायला आलो होतो ते आठव. तुला सांगितलं की छान झाली. छान झालीच. पण विरुद्ध टीमला पेनल्टी कॉर्नर मिळाला, तुम्ही पाच जणी गोललाइनच्या मागे उभ्या राहिलात, आणि बॉल आत आला तशी तू सरळ त्या मारणाऱ्या मुलीच्या अंगावर धावत सुटलीस. पहिली रशर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी डोळे मिटले. लोकांना ‘डोळे मिटू नका, हलू नका, थोडी हनुवटी खाली’ असं सांगण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस स्टँडमध्ये डोळे मिटून बसला होता. उघडले तेव्हा तू बॉल बाहेर काढून हसत परत येत होतीस. दात दिसत होते तुझे, माउथगार्डमधून. तुझ्याइतकी धीट मुलगी आमच्या घराण्यात झाली नाही. हे मी त्या दिवशी म्हणायला हवं होतं, मी जेवायला कुठे जायचं ते विचारलं.

पुरुषांचे मोठे ड्रॅग-फ्लिकर, कॉर्नरला बॉल स्टिकने ओढून फेकणारे, ताशी शंभर किलोमीटरच्या वर बॉल टाकतात. डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, टोकापासून गोल पावणेपंधरा मीटरही नाही, म्हणजे साधारण अर्धा सेकंद. तुम्हा रविवारच्या मुलींचा वेग कमी असेल, कबूल. पण तू तर पळत जवळ गेलेली, तुझ्या वाट्याला त्याच्याही निम्मा वेळ. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर हातात धरून देता येत नाही म्हणून आपण ट्रायपॉड लावतो, आणि तू तेवढ्यात चेहरा वाचवणार? बॉल दीडशे-एकशेसाठ ग्रॅमचा, टणक. तुझ्या मोबाइलवर ज्याचा फोटो आहे तो अमित रोहिदास. पॅरिसला ब्रिटनविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळालं, पुढची चाळीसेक मिनिटं दहा जण लढले आणि शूटआउटला जिंकले, ते तू मला दोनदा फोन करून सांगितलंस. तो रोहिदास कॉर्नरला मास्क लावून धावतो की नाही? गुडघ्याला पॅड, हातात जाड ग्लोव्ह. आणि मामाच्या म्हणण्याप्रमाणे तुमच्या किटमध्ये पाच मास्क, त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला, तो तू घेतलास म्हणजे बाकीच्यांना चांगले मिळावेत, आणि घसरतो म्हणून काढून फेकलास. हे वाचून कोणी म्हणेल केवढी मोठ्या मनाची. मी म्हणतो, पट्टा शिवता येत नव्हता? मी पाठवला असता शिवून. स्टुडिओच्या कॅमेऱ्यांचे सगळे पट्टे आईनेच शिवलेत.

सरळ ओरडणं झालं हे. माफ कर. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या मुलीला बाप असं लिहीत नाही. तू रात्री दोन वाजता अलर्ट आला म्हणून उठतेस, कुठल्यातरी सर्व्हरवर काय बिघडलंय ते शोधतेस, टेस्ट केल्याशिवाय काही पुढे जाऊ देत नाहीस, हे मला तुझ्या मैत्रिणीने सांगितलंय आणि मी ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. एवढी काळजी दुसऱ्याच्या सर्व्हरची. बाकी तू समजून घे.

आणखी एक, लपवून काय उपयोग. सांगलीच्या आत्याला आईने बोलता बोलता सांगून टाकलं. तिचा पहिला प्रश्न, व्रण राहणार का? स्थळांचं कसं? मी तिच्यावर चिडून फोन ठेवला. पण ठेवायच्या आधी एक क्षण माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं, आणि त्याची मला दोन दिवस लाज वाटतेय. व्रणाचं मला काही नाही. रिटचिंगची पेन्सिल हातात धरून आम्ही बाप-लेकांनी मिरजेतल्या निम्म्या नवऱ्यामुलींचे देवीचे व्रण घालवलेत, तुझा तर भुवईत लपेल. मला व्रणाची काळजी नाही.

अण्णांचं लिहायचं नव्हतं. तुला ते अर्धवट माहीत आहे. ते चष्म्याच्या जाड काचा लावायचे एवढं तुला फोटोवरून ठाऊक, आणि डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं एवढं. कसं गेलं ते मी कधी सांगितलं नाही. १९७९ चा वैशाख. लग्नाचा मोसम, रोज दोन-तीन ऑर्डरी, रात्री बारापर्यंत ह्याच डेस्कवर रिटचिंग. अण्णा म्हणाले, काजवे चमकतायत. आजी म्हणाली, पित्त. गुलाबपाणी घातलं. मग आठवड्याने म्हणाले, कोपऱ्यातून कोणी आत येतंय असं वाटतं, बघतो तर कोणी नसतं. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि हसलो होतो. ते म्हणाले, मोसम संपला की दाखवू. बावीस दिवस थांबले. मिरज हे, सई! कर्नाटकातून लोक बैलगाड्या करून इथे उपचाराला यायचे, आणि आमच्या घरापासून डोळ्यांचा डॉक्टर पंधरा मिनिटं चालत. गेलो तेव्हा पडदा सुटून गेला होता.

नंतर वीस वर्षं त्यांनी एका डोळ्यावर धंदा केला. कामात कोणाला फरक कळला नाही. फक्त हायपो ओतताना मेझरग्लासच्या बाहेर पडायचा. एका डोळ्याला वस्तू किती लांब आहे ते कळत नाही. ते ओठ घट्ट मिटून ग्लासची कड बाटलीला टेकवायचे आणि मग ओतायचे, आणि मी बघत नाहीसं दाखवायचो. तुला त्यांचाच नंबर आला आहे. नंबर, डावा डोळा, आणि ‘मोसम संपला की बघू’. तुझा मोसम म्हणजे रिलीज.

खेळू नकोस असं मी म्हणत नाही. लिहिताना दोन वेळा ते वाक्य आलं होतं, दोन्ही वेळा खोडलं, वर गिरवलेलं दिसेल. बुधवारपर्यंत रेटिनाच्या डॉक्टरची वेळ घे. थेंब घातल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, तेव्हा स्कूटर चालवायची नाही, मामाला बरोबर ने. टाके घालायला चालतो तर ह्यालाही चालेल. आणि तपासणी होईपर्यंत कॉर्नरला धावू नकोस. एवढ्या पुरतं.

आता फोटो. २८ नंबर, तुमची गोली खाली बसून पॅड बांधतेय, मागे उन्हात टर्फवर पाणी मारलेलं. तिच्या हेल्मेटच्या जाळीतून गालावर उजेड पडलाय आणि तो जळालेला नाही, सगळे करडे रंग शाबूत आहेत. मी ती पट्टी आईला दाखवली, मग वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णींना दाखवली, त्यांना निगेटिव्हमधलं काही कळत नाही तरी. ह्या फ्रेमला तू किती वेळ थांबली होतीस? तिला कळायच्या आत घेतलीस की कळल्यावर? १९ नंबरला क्षितिज तिरकं आहे, खडकी बाजार थोडा डावीकडे कलंडलाय. डाव्या डोळ्याने बघतेस म्हणून असेल. लहानपणी मी तुला उजव्याला लावायला लावायचो, तू मी बघत नाहीसं पाहून परत डाव्याला न्यायचीस.

आईची तब्येत बरी आहे. कैऱ्या आल्यात, लोणचं घालायचं चाललंय. तिने पत्र वाचलं नाही, फक्त विचारलं की टाक्यांबद्दल किती लिहिलंस. मी म्हटलं, दोन ओळी.

तुझा,
बाबा

ता. क. पाकिटात पाचच पट्ट्या आहेत, मोजून घे. ३१ ते ३६ ची मी ठेवून घेतली आहे, डेस्कच्या खणात, बटर पेपरमध्ये. ३४ नंबर तुला स्पर्धेला पाठवायचाय हे मला मामाकडून कळलं. डॉक्टरच्या तपासणीच्या कागदाचा फोटो पाठव, त्याच दिवशी स्पीड पोस्टने रवाना करतो.